खिशातले वाकडे पाते

कोकणातला शेतकरी सकाळी बागेत निघताना कमरेला आकडी बांधतो आणि तिच्यात कोयती अडकवतो. आडवी आलेली फांदी, गुरांसाठी पाला, शहाळ्याचे तोंड, कुंपणाची मेढ, दिवसभराची सगळी कापाकापी त्या एका वाकड्या पात्यावर भागते. माझ्या आजोबांची आकडी संध्याकाळी आंघोळीच्या वेळीच सुटायची. घाटावर ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला तर 'एक कोयता' असेच मोजतात. हत्याराच्या नावाने माणसे मोजावीत इतके ते हाताशी जडलेले. त्यामुळे धारेचे हत्यार रोज जवळ बाळगणे ही गोष्ट आपल्याला परकी नाही. पाश्चात्त्य देशांतल्या चाकूच्या जाणकारांनी तिला 'एव्हरीडे कॅरी' असे नाव दिले आणि खिशात मावणाऱ्या घडीच्या चाकूंचे एक मोठे जग त्या नावाभोवती उभे राहिले. त्या जगात एक प्रश्न गेली तीस-चाळीस वर्षे चघळला जातो आहे: आतल्या बाजूला वळलेल्या पात्याचा घडीचा चाकू हा माणसाचा रोजचा, एकुलता एक चाकू होऊ शकतो का? की ते एक-दोन कामांपुरतेच हत्यार आहे? ही चर्चा आज कुठवर आली आहे, ते पाहू.

कोणते पाते वाकडे म्हणायचे

तलवारही वाकडी असते आणि विळाही. पण तलवारीची धार बाकाच्या बाहेरच्या अंगाला, तर विळ्याची आतल्या अंगाला. बाहेरची धार वस्तूवरून घसरत कापते, आतली धार वस्तूला कवेत घेऊन कापते. या लेखात विचार आहे तो फक्त दुसऱ्या जातीचा, म्हणजे विळ्याच्या वंशातल्या घडीच्या चाकूंचा. इंग्रजीत त्यांना हॉकबिल, म्हणजे ससाण्याची चोच, म्हणतात. फ्रेंच माळी सर्पेत म्हणतो, जर्मन हिप्पे, इटालियन रोंकोला. मी पुढे 'चोचीचा चाकू' हा शब्द वापरतो.

चोचीचे सगळे चाकू सारखे नसतात. काहींचे पाते मुठीपासून बरेचसे सरळ येते आणि टोकाशी जरासे खाली झुकते, काहींचा बाक वाघनखासारखा खोल असतो. चर्चेतले निम्मे गैरसमज या दोन टोकांना एकाच नावाने हाक मारल्यामुळे होतात. एक जण सौम्य बाकाच्या माळीचाकूची बाजू मांडत असतो आणि दुसरा खोल बाकाच्या नखाला नावे ठेवत असतो.

द्राक्षमळ्यातून खिशात

या पात्याचे सर्वांत सविस्तर जुने वर्णन युद्धाच्या ग्रंथात सापडत नाही, ते शेतीच्या ग्रंथात सापडते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला या रोमन लेखकाने शेतीवर बारा भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या चौथ्या भागात वेलीच्या छाटणीच्या हत्याराचे सहा भाग नावांनिशी दिले आहेत. मुठीजवळचा सरळ भाग हात पुढे रेटून कापायला, त्यापुढचा बाक हात मागे ओढून कापायला, चोच पोखरायला, पाठीवरची कुऱ्हाड घाव घालायला, अशी प्रत्येकाची कामगिरी वेगळी. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच एका जाणत्या माणसाने सांगून ठेवले होते की बाक ओढण्यासाठी आणि सरळ धार रेटण्यासाठी. आजची सगळी चर्चा या एका वाक्यावरचे भाष्य आहे असे म्हटले तरी चालेल.

युरोपच्या द्राक्षमळ्यांत हे हत्यार शतकानुशतके टिकले आणि घडीच्या रूपात माळ्याच्या खिशात आले. सरळ मुठीपेक्षा किंचित वाकलेली लाकडी मूठ, तळहातात रुतून बसणारी, आणि आत मिटणारे चोचीचे पाते. मग १८१५च्या सुमारास बेर्त्राँ द मोलव्हील या फ्रेंच उमरावाने छाटणीची कात्री काढली आणि या चाकूचे मुख्य काम हळूहळू तिच्याकडे गेले. नाशिकच्या बागांतही आज एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी कात्रीनेच होते. म्हणजे चोचीचा चाकू खिशात लोकप्रिय झाला तो त्याचे मूळ काम सुटल्यानंतर. पुढच्या बऱ्याच वादांचे मूळ मला इथे दिसते.

काम सुटले तसे दुसरे मिळतही गेले. १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टनने लिनोलियम आणले. जमिनीवर अंथरलेला तो जाड थर कापायला टोकाने रुतून मागे ओढता येणारे पाते लागे, म्हणून फरशीवाल्यांनी चोच उचलली. विजेच्या तारा आल्या तेव्हा केबलच्या वेष्टनाला उभी चीर पाडायला वायरमननेही तेच पाते घेतले. १८५७ सालापासून चालत आलेली शिकागोची क्लाइन ही अवजारांची कंपनी आजही वायरमनसाठी चोचीचे चाकू विकते. दोर आणि जाळी कापणाऱ्या दर्यावर्दींनाही हा आकार मानवला, कारण ओला दोर सरळ पात्यावरून निसटतो.

तिसरी वाट आग्नेय आशियातून आली. सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांचा करम्बित हा मुठीला कडी असलेला छोटा वाकडा सुरा. त्याचे मूळ शेतीच्या हत्यारात आणि वाघनखाच्या आकारात सांगितले जाते. सिलात या युद्धकलेबरोबर तो जगभर गेला. २०१३ साली 'काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह' या व्हिडिओ गेममध्ये आणि २०१४च्या 'द रेड २' या इंडोनेशियन चित्रपटात तो दिसला. आज अनेक तरुणांना वाकडा चाकू म्हटले की शेत आठवत नाही, ती कडी आठवते.

आणि चौथा धागा खिशाचा. १९८१ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या स्पायडरको कंपनीने पहिला घडीचा चाकू आणला. पात्याला गोल भोक, म्हणजे एका अंगठ्याने उघडता यावे, आणि मुठीला क्लिप, म्हणजे खिशाच्या काठावर अडकून राहावा. चाकू खिशाच्या तळाशी किल्ल्यांबरोबर लोळायचा तो वर येऊन हाताशी आला. याच कंपनीने पुढे चोचीच्या पात्यांची एक मालिकाच काढली, आणि माळ्याचा चाकू शहरी माणसाच्या खिशात पोचला.

कापते कसे

ताणून न धरलेला दोर सरळ पात्याने कापून पाहा. दोर धारेवरून टोकाकडे सरकतो आणि सुटतो. चोचीच्या पात्यात तो सरकत सरकत बाकात येऊन अडकतो, आणि हात मागे ओढला की धार त्याच्यातून तिरकी जाते. इथे दोन गोष्टी एकदम घडतात. वस्तू निसटत नाही, आणि धार वस्तूवर नुसती दाबली न जाता तिच्या अंगावरून सरकतेही.

हे सरकणे महत्त्वाचे. रेडिंग विद्यापीठातले टोनी ॲटकिन्स यांनी सहकाऱ्यांबरोबर २००४ साली चेडर चीज आणि सलामी कापून मोजमापे घेतली. धार जितकी आडवी सरकते तितका खाली दाबण्याचा जोर कमी लागतो, असे त्यांनी दाखवले. हार्वर्डच्या एल. महादेवन यांच्या गटाने २०१२ साली जेलीसारख्या मऊ पदार्थांवर प्रयोग करून या घटनेमागचे भौतिकशास्त्र मांडले. टोमॅटोवर सुरी दाबली तर तो चेपतो आणि ओढली तर कापला जातो, हे आपल्या स्वयंपाकघराला माहीतच आहे. चोचीच्या पात्यात हा तिरकेपणा आकारातच भरलेला असतो, वापरणाऱ्याला तो मुद्दाम आणावा लागत नाही.

पण ज्या बाकाने हे मिळते त्यानेच बाकीचे हातचे जाते. सपाट पाटावर चोचीचे पाते ठेवले तर टोक तेवढे टेकते, मधला भाग अधांतरी राहतो. कांदा चिरता येत नाही, पावाला लोणी लावता येत नाही. सपाट फळी तासायला घेतली तर पात्याची दोन टोके आधी लागतात आणि मध्ये पोकळी राहते. कलम करायचा चाकू म्हणूनच सरळ पात्याचा असतो. खोडावर लांब, सपाट, तिरका काप घ्यायचा तर धार सरळच हवी, नाहीतर फांदी आणि खुंट यांच्यात फट राहते आणि कलम जगत नाही. एकाच माळ्याच्या खिशात दोन चाकू का असतात त्याचे हे उत्तर. कोलुमेलाने तर एकाच हत्यारात दोन्ही धारा मागितल्या होत्या.

आजच्या बाजारातले चाकू

पहिले घराणे बागेचे. फ्रान्सच्या साव्हॉय भागात जोसेफ ओपिनेलने १८९० साली सुरू केलेला ओपिनेल चाकू आजही बीचच्या लाकडाच्या मुठीत येतो, आणि त्याची माळ्यांसाठीची चोचीची आवृत्ती आठ आणि दहा नंबरात मिळते. आठ नंबरचे पाते सुमारे ८ सेंटिमीटर. मुठीच्या तोंडाशी फिरणारी कडी आहे, १९५५ साली आलेली. ती फिरवली की पाते पक्के बसते. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचे माळीचाकू याच जातीचे. छाटणीच्या कात्रीसाठी प्रसिद्ध असलेल्या फेल्कोच्या नावाने विकले जाणारे चाकूही व्हिक्टोरिनॉक्सच बनवते. हे चाकू हलके, स्वस्त, सौम्य बाकाचे. दोन्ही हातांनी उघडावे लागतात, हे काहींना उणे वाटते. मला ते वाटत नाही. चाकू उघडायला दोन हात लागले की माणूस आधी हातातली वस्तू खाली ठेवतो आणि मगच कापायला घेतो.

दुसरे घराणे समुद्राचे. स्पायडरकोच्या टास्मान सॉल्ट या चाकूचे उदाहरण घेऊ. पाते सुमारे तीन इंचांचे, एका हाताने उघडणारे. आधीच्या आवृत्तीत एच-वन नावाचे जपानी पोलाद होते. त्यात कार्बन अगदी थोडा आणि नायट्रोजन घातलेला, त्यामुळे खाऱ्या पाण्यात ते जवळजवळ गंजतच नाही. कोकण किनाऱ्यावरच्या घरात पावसाळ्यानंतर कपाटातली सुरी कशी तांबडी होते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याची किंमत कळेल. हे चाकू साध्या धारेचेही मिळतात आणि दातेरीही.

तिसरे घराणे कडीचे. अमेरिकेतल्या एमर्सनचा घडीचा करम्बित, इटलीतल्या मानियागो गावच्या फॉक्सचे करम्बित. मानियागोत चाकू बनवण्याची परंपरा पंधराव्या शतकापासूनची. पाणचक्कीवर घण चालवण्यासाठी १४५३ साली तिथे कालवा खोदला गेला आणि गावाचे नाव धारेशी जोडले गेले. घडीच्या करम्बितात मुठीच्या शेवटी बोट घालायची कडी असते. एमर्सनच्या पात्याच्या पाठीवर एक आकडा असतो. खिशातून बाहेर काढतानाच तो कापडाच्या काठाला अडकतो आणि पाते आपोआप उघडते. स्वसंरक्षण हाच हेतू धरून केलेली ही रचना आहे.

आणि एक चाकू कोणत्याच घराण्यात नीट बसत नाही: स्पायडरकोचा सिव्हिलियन. लांब, उलट्या एस-सारखे वळलेले पाते आणि अतिशय नाजूक टोक. वेषांतर करून काम करणाऱ्या, चाकूचे फारसे शिक्षण नसलेल्या पोलीस अधिकाऱ्यांसाठी तो तयार झाला. रोजच्या कापाकापीला तो वापरू नये, असे बनवणारेच सांगतात. चोचीच्या चाकूबद्दल वाद घालणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवायला हवे. या आकाराचा सर्वांत प्रसिद्ध चाकू रोजच्या वापरासाठी नाहीच.

बाजू आणि उलट बाजू

चोचीच्या बाजूने बोलणाऱ्यांत सर्वांत भक्कम मत कामकरी लोकांचे आहे. खताच्या गोणीची शिवण, सुतळी, ठिबकची नळी, खोक्याची पट्टी, ताडपत्रीचा दोर, केबलचे वेष्टन, वेलीचा जून देठ, ही त्यांच्या दिवसाची खरी यादी. यातले प्रत्येक काम ओढण्याचे आहे. सरळ पात्याने ते होते, पण मनगट वाकवून. चोचीने मनगट सरळ ठेवून होते. चोचीचे टोक वस्तूवर नेमके ठेवता येते आणि खोक्यातला माल न खरचटता वरचा पुठ्ठा तेवढा कापता येतो, असेही ते सांगतात. मी गेली सात-आठ वर्षे बागेत आठ नंबरचा ओपिनेल वापरतो आहे आणि माझा अनुभव या मताशी जुळतो.

विरुद्ध बाजूला सर्वकामी पात्याचे पुरस्कर्ते आहेत. पाठ टोकाकडे हलकेच उतरत गेलेले आणि धारेला थोडे पोट असलेले सरळ पाते त्यांना हवे. फळ सोलणे, भाजी चिरणे, पेन्सिलीला टोक काढणे, लाकूड तासणे, लिफाफा फाडणे, असे काहीही अचानक समोर येते तेव्हा हेच पाते कामी येते, असे त्यांचे म्हणणे. दोर कापायला ते थोडे कमी पडेल, पण चोच भाजी चिरायला पूर्णच नापास होते. रोज जवळ बाळगायची वस्तू एका कामात अव्वल असण्यापेक्षा दहा कामांत पुरेशी असावी, हा त्यांचा निकष. शहरात राहणाऱ्या, दिवसाला एक खोके आणि एक सफरचंद कापणाऱ्या माणसासाठी हा निकष मला रास्त वाटतो. फ्रेंच स्वयंपाकघरात पक्ष्याच्या चोचीसारखी छोटी सुरी गोल फळे सोलायला वापरतात, हे खरे. पण ती हातात धरून सोलते, पाटावर नाही.

तिसरे मत सुरक्षिततेचे, आणि त्याकडे दुर्लक्ष होते असे मला वाटते. लहानपणापासून शिकवतात की कापताना धार अंगापासून दूर जावी. चोचीचे पाते बनलेलेच आहे अंगाकडे ओढण्यासाठी. दोर एकदम तुटला की ओढीचा सगळा जोर हातासह मांडीकडे किंवा पोटाकडे येतो. शिवाय टोक आधी रुतते. आपण पृष्ठभागच कापतो आहोत असे वाटत असताना ते आतल्या वस्तूत किंवा पकडणाऱ्या बोटात गेलेले असते. माझ्या डाव्या अंगठ्यावर अशीच एक खूण आहे, ओल्या बांबूची गाठ अचानक सुटल्याची. या मताचे लोक छाटणीला कात्री, पट्टा कापायला आत बंद धारेचा आकडा आणि पुठ्ठ्याला सुरक्षित कटर सुचवतात. चोचीच्या बाजूचे उत्तर देतात की ओढताना कोपर अंगाजवळ टेकवून हालचाल आखूड ठेवली तर धोका राहत नाही. तंत्र शिकलेल्या माणसासाठी हे उत्तर बरोबर आहे. न शिकलेल्याच्या हाती चाकू आला तर ते पुरत नाही.

चौथे मत बदलत्या पात्यांचे. १९५६ साली जपानच्या योशिओ ओकादा यांनी मोडून टाकता येणाऱ्या धारेचा कटर काढला, आणि आज कटरच्या मुठीत बसणारी आकड्याच्या आकाराची पातीही मिळतात. धार गेली की पाते बदला. गालिचा आणि छपराची कामे करणारे बहुतेक याच मार्गाला लागले आहेत. त्यांना चोचीच्या चाकूबद्दल वाद घालायचे कारणच उरलेले नाही.

स्वसंरक्षणाबद्दल मी थोडक्यात लिहितो. करम्बितचे शिक्षक म्हणतात की कडीमुळे चाकू हातातून सुटत नाही आणि झटापटीत ते निर्णायक ठरते. टीकाकार म्हणतात की हे कौशल्य अनेक वर्षांच्या सरावाशिवाय येत नाही, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातातला चाकू बहुधा त्याच्यावरच उलटतो. दोन्ही बाजूंचे प्रामाणिक लोक एका गोष्टीवर सहमत आहेत. कडीच्या करम्बितने खोकी आणि दोर कापता येतात, पण त्या कामांसाठी कोणी तो विकत घेत नाही.

दाते की साधी धार

विळ्यालाही हा प्रश्न आहे. कोकणात भातकापणीला साध्या विळ्याबरोबर दातेरी वैभव विळाही चालतो. दाते मूठभर रोपांना धरून ठेवतात आणि धार बोथट झाली तरी काही काळ काम चालू राहते. चोचीच्या चाकूतही दोर आणि पट्टा कापणारे दात्यांच्या बाजूचे, आणि बाग व केबलवाले साध्या धारेच्या बाजूचे. दाते फांदीचा काप खरबरीत करतात आणि खरबरीत कापात पाणी व बुरशी राहते, हे बागवानाचे म्हणणे योग्य आहे. एक अडचण मात्र फारशी बोलली जात नाही. दाते बहुधा पात्याच्या एकाच बाजूने घासलेले असतात, त्यामुळे काप एका बाजूला सरकतो, आणि डावखुऱ्या माणसाला तो उलट्या बाजूला सरकलेला जाणवतो.

धार लावायची कशी

माझ्या मते निर्णय इथेच व्हावा. सरळ पाते कोणत्याही सपाट दगडावर पाजवता येते. आत वळलेले पाते सपाट दगडावर ठेवले की दगडाच्या कडा रुततात आणि मधली धार तशीच राहते. गोल काठी लागते, किंवा गोल कानस, किंवा काठीभोवती गुंडाळलेला पॉलिश पेपर. तिकोनी काठ्यांचे संचही मिळतात. त्यांच्या कोपऱ्यांनी बाक आणि दाते दोन्ही घासता येतात. सायकलवर दारोदार फिरणाऱ्या धारवाल्याच्या चाकाची कडा गोलसर असेल तर बाहेरच्या बाकाला ती चालते, आतल्या खोल बाकाचे टोक खाऊन टाकते. विळ्या-कोयत्याची गोष्ट निराळी. ते शेवटायला लोहाराकडे जातात, तो तापवून ठोकून पुन्हा पाणी देतो. खिशातल्या चाकूच्या मुठीत प्लास्टिक, स्प्रिंग आणि कमी जाडीचे पोलाद असते, त्याला भट्टी दाखवता येत नाही.

म्हणून गोल काठीवर धार लावायला जो शिकणार नाही त्याने चोचीचा चाकू घेऊ नये. बोथट चोचीइतकी धोकादायक वस्तू खिशात दुसरी नाही. ती वस्तूला पकडते, पण कापत नाही, आणि माणूस जोर वाढवत जातो.

खिसा आणि कायदा

भारतात शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे शस्त्र नियम २०१६ लागू आहेत. नियमांच्या पाचव्या वर्गात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. या मापाने खिशातला चाकू दूरच राहतो. पण स्थानिक आदेश वेगळे असतात. दिल्लीच्या १९८० सालच्या अधिसूचनेत गरारीदार, बटनदार किंवा इतर यांत्रिक रचनेने उघडणाऱ्या चाकूंवर ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदीची मर्यादा आहे. महाराष्ट्रात पोलीस अधिनियम १९५१च्या कलम ३७ खाली बंदी आदेश निघतात तेव्हा चाकूही त्यात येतो आणि शारीरिक इजा करता येईल अशी इतर वस्तूही. विमानाच्या केबिनमध्ये चाकू चालत नाही. पुण्यात कोयत्याने झालेल्या गुन्ह्यांनंतर वाकड्या पात्याकडे लोकांची आणि पोलिसांची नजर बदलली आहे, हेही खरे. शेतकऱ्याच्या कमरेचा कोयता आणि रस्त्यावर नाचवलेला कोयता यांत फरक करणारी नजर शहरात नेहमी सापडतेच असे नाही.

इतर देशांत मर्यादा वेगळ्या पडतात. ब्रिटनमध्ये १९८८च्या कायद्याप्रमाणे तीन इंचांपर्यंतच्या धारेचा, पाते पक्के न होणारा घडीचा चाकू कारण न सांगता बाळगता येतो. पाते पक्के बसणारा असेल तर योग्य कारण लागते, म्हणजे कडी असलेला ओपिनेलही त्यात अडकतो. जर्मनीत एका हाताने उघडून पक्के होणाऱ्या चाकूंवर सार्वजनिक ठिकाणी निर्बंध आहेत. लंडनच्या किंवा म्युनिकच्या मराठी घरात भारतातून चाकू भेट न्यायचा असेल तर हे आधी पाहावे.

इथे एक पेच आहे. पाते पक्के होणे ही सुरक्षिततेची सोय, आणि कायद्याला तीच नको आहे. ओढून कापताना वस्तूचा दाब पाते उघडण्याच्या दिशेने पडतो, म्हणून जुन्या माळ्यांचे चाकू कुलपाशिवाय चालले. पाते मिटण्याचा धोका येतो तो रुतलेले टोक सोडवताना, आणि चोचीचे टोक सरळ टोकापेक्षा जास्त वेळा रुतते. कुलूप लागते ते त्या क्षणासाठी.

अजून न सुटलेले

धारेची तुलना करायला शेफील्डच्या कॅट्रा या संस्थेने वापरलेली आणि आयएसओ ८४४२-५ मध्ये मांडलेली चाचणी आहे. सिलिकामिश्रित कागदाच्या गठ्ठ्यावर पाते पुढेमागे चालवून काप किती खोल गेला ते मोजतात. पण ती स्वयंपाकाच्या सुऱ्यांसाठी आहे. आतल्या बाकाच्या पात्याला सपाट गठ्ठ्यावर नेमके कसे चालवायचे, हा प्रश्न ती सोडवत नाही. त्यामुळे चोचीचा कोणता चाकू किती काळ धारदार राहतो याबद्दल जे काही ठामपणे सांगितले जाते, ते बहुतांशी वापरणाऱ्यांचा अनुभव आहे. अनुभव मोलाचा असतो, पण एकाचा ओला काथ्या आणि दुसऱ्याचा कोरडा पुठ्ठा यांची तुलना होत नाही.

बाक किती असावा हेही मोजून ठरलेले नाही. सौम्य बाक सर्वकामी पात्याच्या जवळ जातो आणि दोर पुन्हा निसटायला लागतो. खोल बाक घट्ट धरतो आणि पाजवायला अवघड होतो. मधला बिंदू कामानुसार बदलणार, पण तो कुठे आहे हे दर्शवणारी सारणी माझ्या पाहण्यात आलेली नाही. दिवसभर ओढून कापल्याने मनगटावर आणि खांद्यावर काय परिणाम होतो, सरळ पात्यापेक्षा तो कमी की जास्त, हाही प्रश्न तसाच मोकळा आहे. ऊसतोडीच्या कोयत्याच्या बाबतीत हा प्रश्न लाखो हातांचा आहे.

आपल्या कृषी विद्यापीठांच्या अवजार विभागांत विळ्यांची मोजमापे आजही होतात. त्यांच्याकडे भातासाठी आणि गवतासाठी विळ्याचे दाते, बाक, वजन यांचा अभ्यास करण्याची साधनेही आहेत आणि सवयही. त्याच टेबलावर एकदा घडीचे चोचीचे चाकू ठेवावेत, सरळ पात्याच्या शेजारी, काथ्या, ठिबकची नळी, वेलीचा देठ आणि गोणीची शिवण यांवर, आणि निकाल मराठीत छापावेत, अशी माझी विनंती आहे. कापताना जोर किती लागला, धार किती कापांनंतर गेली, हात किती वेळा घसरला, एवढे तीन आकडे मिळाले तरी बागेत चाकू विकत घेणाऱ्याला पुरेसे होतील.